एचआयव्हीसोबत साठी गाठताना

कोणत्याही फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात सकाळी डोकावलात तर रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी आणि 'जिना चढताना धाप लागते' या तक्रारींची रांग दिसेल. वय पन्नास ते सत्तर. गेल्या काही वर्षांपासून या रांगेत आणखी एक रुग्ण येऊन बसू लागला आहे. त्याच्या तक्रारी शेजारी बसलेल्या माणसासारख्याच असतात. फरक एवढाच, की तो रोज आणखी एक गोळी घेतो आणि त्या गोळीबद्दल कोणालाही, बहुतेक वेळा आपल्या फॅमिली डॉक्टरलासुद्धा, सांगत नाही. ती गोळी एचआयव्हीची असते.

वाचकहो, एचआयव्हीची लागण कशी होते आणि कशी टाळावी, यावर आजवर भरपूर लिहिले गेले आहे. आजचा विषय वेगळा आहे. एचआयव्ही शरीरात असूनही जी माणसे जगली, ज्यांनी मुले वाढवली, नोकऱ्या पूर्ण केल्या आणि जी आता म्हातारपणाच्या उंबरठ्यावर उभी आहेत, त्यांनी आपली प्रकृती कशी सांभाळावी? आणि आपण इतरांनी त्यांना कशी साथ द्यावी?

हे वय मिळाले कसे?

भारतातील पहिली एचआयव्ही लागण १९८६ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये उघडकीस आली. ती शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मराठी घरातल्या. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून ही गोष्ट पुढे आली. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे फार वाईट होती. नव्वदच्या दशकात मी नुकताच डॉक्टर झालो, तेव्हा रुग्णाला देण्यासारखे आमच्या हाती जवळजवळ काहीच नव्हते. क्षय, जुलाब, मेंदूज्वर यांवर इलाज करायचा, धीर द्यायचा आणि घरच्यांना समजवायचे, इतकेच.

१९९६ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याच्या उपचाराने चित्र पालटले, पण श्रीमंत देशांपुरतेच. त्या उपचाराचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी हीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देण्याची तयारी दाखवली आणि साऱ्या जगातील किमती कोसळल्या. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने देशातील निवडक आठ रुग्णालयांत ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. त्यांत आपल्या जवळचे होते मुंबईचे जे. जे. रुग्णालय. कल्याण-डोंबिवलीची माणसे पहाटेची लोकल पकडून भायखळ्याला जात. पुढे ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयासह ठिकठिकाणी एआरटी केंद्रे निघाली.

पूर्वी सीडी-४ पेशी ठरावीक आकड्याच्या खाली गेल्यावरच औषध सुरू होई. २०१७ पासून निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आले. आज बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकत्र असलेली दिवसाला एकच गोळी पुरते. ती वेळेवर सुरू केली आणि न चुकता घेतली तर आयुष्यमान इतरांच्या जवळपास जाते. शिवाय रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली आले आणि तसेच राहिले, तर शारीरिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही, हेही आता सिद्ध झाले आहे.

म्हणजेच २००४-०५ च्या सुमारास पस्तिशी-चाळिशीत औषध सुरू केलेली माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत. हे वैद्यकशास्त्राचे यश आहे. पण वय वाढले की वयाचे आजारही येणारच.

विषाणू झोपला, तरी शरीर जागेच

'डॉक्टर, माझा व्हायरल लोड शून्य आहे, मग मला हार्टचा त्रास कसा?' हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. याचे उत्तर असे. औषधांनी विषाणू दबून राहतो, पण पूर्णपणे नाहीसा होत नाही. आपली प्रतिकारशक्ती त्याच्यावर सतत पहारा देत असते. घरात चोर दडून बसल्याचा संशय असला की माणसाला गाढ झोप लागत नाही, तसेच काहीसे. या अखंड जागरणातून शरीरात सौम्य दाह चालू राहतो. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला तो हळूहळू खराब करतो. म्हणूनच अशा व्यक्तींमध्ये हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते.

दुसरे कारण जुन्या औषधांचे. सुरुवातीच्या काळात सर्रास वापरले जाणारे स्टॅव्ह्युडिन हे औषध आता बंद झाले आहे. त्या वेळी त्याने असंख्य जीव वाचवले, पण काहींच्या अंगावर खुणा सोडल्या. गाल बसणे, हातापायांची चरबी उतरणे, पोट सुटणे, तळपायांना मुंग्या येणे या त्या खुणा. तळपायांची आग मधुमेहानेही होते, त्यामुळे 'ही जुनीच तक्रार' म्हणून सोडून देऊ नये. साखर तपासावी.

तिसरे कारण तुमचे-आमचे सर्वांचे आहे. तंबाखू, बैठे काम, फरसाण, अपुरी झोप आणि रोजची लोकलची दगदग. डेन्मार्कमधील एका मोठ्या अभ्यासात २०१३ साली असे दिसले, की उपचार नीट चालू असलेल्या रुग्णांची एचआयव्हीने जितकी वर्षे हिरावली, त्याहून अधिक धूम्रपानाने हिरावली. रोज न चुकता एआरटीची गोळी घेऊन वर विडी ओढणारे, मशेरी लावणारे माझ्या पाहण्यात आहेत. त्यांना मी एवढेच सांगतो, 'मोठ्या शत्रूला तुम्ही जिंकलंत, आता या फुटकळ शत्रूपुढे हरू नका.'

एक माणूस, तीन दुकाने

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. माझ्या अनुभवात या रुग्णांचा सर्वांत मोठा धोका साखर नाही, कोलेस्टेरॉलही नाही. तो आहे लपवाछपवीचा.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मधुमेहासाठी माझ्याकडे येत. गुडघे दुखायचे, त्यावर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या परस्पर घेत. नेहमीच्या तपासणीत त्यांचे क्रिएटिनिन बरेच वाढलेले निघाले. मी 'रोज घेता त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा' असे सांगितले. ते दोनदा विसरले. तिसऱ्यांदा दवाखाना रिकामा असताना आले, दार लोटून घेतले आणि खिशातून एक पांढरी बाटली काढून टेबलावर ठेवली. बारा वर्षे ते एआरटी घेत होते. तेही डोंबिवलीजवळचे केंद्र सोडून मुंबईच्या केंद्रात, ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून.

'मला आधी का नाही सांगितलंत?' असे मी विचारले नाही. कारण ते मला ठाऊक होते. ते स्वतःच म्हणाले, 'डॉक्टर, तुमचा कंपाउंडर आमच्याच चाळीतला. मुलीचं लग्न व्हायचंय.'

आता पाहा, टेनोफोव्हिर हे उत्तम औषध आहे, पण काही जणांत ते मूत्रपिंडावर ताण आणते. मधुमेह मूत्रपिंडाला त्रास देतोच. त्यात रोजची वेदनाशामक गोळी. तिन्ही ठिकाणचे लोक आपापल्या परीने बरोबर वागत होते, पण तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. वेदनाशामक बंद केले, गुडघ्यांना व्यायाम दिला, एआरटी केंद्राच्या डॉक्टरांनी चिठ्ठी पाहून औषधात बदल केला आणि क्रिएटिनिन सावरले. हीच गोष्ट वर्षभराने कळली असती, तर डायलिसिसची भाषा करावी लागली असती.

तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाला, मग तो कोणीही असो, एकच वाक्य सांगतो. 'घरात असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक धरून, मला एकट्याला दाखवा. कशासाठी घेता ते नंतर बोलू.' आणि औषधांची यादी मी स्वतः लिहितो, कंपाउंडरच्या हाती देत नाही.

कोणत्या गोळ्यांची आपसात भांडणे?

खालील गोष्टी कापून वहीत चिकटवून ठेवण्यासारख्या आहेत. मात्र हे वाचून स्वतःहून कोणतेही औषध बंद करू नये किंवा बदलू नये. डॉक्टरांशी बोलावे.

१. मेटफॉर्मिन. मधुमेहाची ही सर्वांत प्रचलित गोळी. डोल्युटेग्राविरसोबत तिचे रक्तातील प्रमाण वाढते. म्हणून दिवसाची एकूण मात्रा साधारणपणे १००० मिलिग्रॅमपर्यंतच ठेवतात. डॉक्टरला एआरटीची कल्पना नसेल, तर तो साखर उतरत नाही म्हणून मात्रा वाढवत जाईल.

२. अ‍ॅसिडिटीची पांढरी-गुलाबी पातळ औषधे. यांतील ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला पोटातच अडवतात. एआरटीची गोळी या औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही उपाशीपोटी हाच नियम. जेवणासोबत मात्र त्या एकत्र घेतल्या तरी चालतात.

३. क्षयाचे रिफॅम्पिसिन आणि फिटच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइन या गोळ्या. या डोल्युटेग्राविरचा प्रभाव कमी करतात. क्षयावर उपचार चालू असताना डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावे लागते.

४. ज्यांच्या उपचारात रिटोनाविर आहे, म्हणजे बहुधा दुसऱ्या टप्प्यातील औषधे घेणारे रुग्ण, त्यांनी विशेष जपावे. कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन ही गोळी, अर्धशिशीच्या अर्गोटयुक्त गोळ्या त्यांना धोकादायक आहेत. दम्याच्या पंपातील काही स्टिरॉइड आणि गुडघ्यात घेतलेले स्टिरॉइडचे इंजेक्शनसुद्धा त्यांच्या शरीरात साठून राहते.

५. काढे, भस्मे आणि 'शक्तीची पावडर'. आत काय आहे हे लेबलवर लिहिलेले नसेल, तर मूत्रपिंडाची परीक्षा पाहू नये.

आणखी एक खुलासा. डोल्युटेग्राविर सुरू केल्यावर क्रिएटिनिनचा आकडा किंचित वर जातो. पुष्कळदा ते मूत्रपिंड बिघडल्याचे लक्षण नसते, औषधामुळे फक्त आकडा हलतो. म्हणून घाबरून गोळी बंद करू नका. या औषधाने काहींचे वजनही वाढते. काट्यावर लक्ष असू द्यावे.

आणि ज्यांना कावीळ ब चीही लागण आहे, त्यांनी तर एआरटी मनाने कधीच थांबवू नये. यातील टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन त्या विषाणूलाही आवर घालतात. औषध एकदम बंद केले, तर यकृताचा आजार उसळून येऊ शकतो.

तपासण्यांचे वेळापत्रक

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक एचआयव्हीबाधित व्यक्तीने रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजून घ्यावा. साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने वर्षातून एकदा तरी तपासावीत. आधीच मधुमेह वा रक्तदाब असेल तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे लवकर. व्हायरल लोडची तपासणी एआरटी केंद्रातून वर्षाला एकदा मोफत होते. ती चुकवू नये. खोकला (मग तो कितीही दिवसांचा असो), ताप, रात्री घाम किंवा वजन घटणे यांतील काहीही असेल, तर क्षयाची तपासणी लगेच करावी.

कोलेस्टेरॉलबाबत एक नवी माहिती. २०२३ साली बारा देशांतील साडेसात हजारांहून अधिक एचआयव्हीबाधितांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे सर्व ४० ते ७५ वयाचे आणि हृदयविकाराचा धोका वरवर पाहता कमी किंवा मध्यमच असलेले. त्यांना पिटाव्हास्टॅटिन ही गोळी रोज दिली, तेव्हा हृदयविकार, पक्षाघात अशा घटना सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. तेव्हा चाळिशी उलटली असेल, तर 'मला स्टॅटिनची गरज आहे का?' हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

भगिनींसाठी दोन गोष्टी. एचआयव्हीबाधित स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. ही तपासणी पाच मिनिटांत होते, दुखत नाही, सरकारी रुग्णालयांत उपलब्ध असते आणि कर्करोग होण्याआधीचे बदल त्यात सापडतात. दुसरे म्हणजे हाडे. पाळी थांबल्यावर हाडे ठिसूळ होतातच, टेनोफोव्हिरने त्यात थोडी भर पडते. कोवळे ऊन, नाचणी, दूध, तीळ, छोटे मासे आणि रोजचे चालणे हा त्यावरचा पाया. बाथरूममध्ये निसरडी फरशी असेल तर आधी ती नीट करा. साठीनंतर मोडलेले खुब्याचे हाड फार महागात पडते.

लसींचा विसर पडू देऊ नका. फ्लू, न्यूमोनिया आणि कावीळ ब यांच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा.

आहार, चालणे आणि मन

यासाठी वेगळा 'एचआयव्हीचा आहार' नसतो. ज्वारी-नाचणीची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक, अंडे किंवा मासे, ऋतूतले फळ. मीठ बेताने, म्हणजे पापड, लोणचे आणि वेफर्स कधीमधी. वडापाव आठवड्यातून एखादा, स्टेशनवर उतरले की रोजचा नव्हे. ठाण्यात तलावपाळीला सकाळी फेऱ्या मारणारे कितीतरी आहेत. तुमच्याकडे तलाव नसेल तर गच्ची असेल, सोसायटीचे आवार असेल. आठवड्यात पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे. खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठबस करणे हा म्हातारपणी स्वावलंबी राहण्याचा बिनखर्ची व्यायाम आहे.

मनाचे मात्र इतक्या सहज होत नाही. नवऱ्याकडून लागण झालेल्या आणि तिशीतच वैधव्य आलेल्या कितीतरी बायका आज पन्नाशीत आहेत. मुले मार्गी लावताना त्यांना स्वतःकडे पाहायला सवड झाली नाही. आता घर शांत झाले, आणि मग झोप उडते, विसरभोळेपणा येतो, गोळी चुकते. याला 'वयाचा परिणाम' म्हणून सोडू नये. नैराश्यावर उपचार आहेत. एआरटी केंद्रातील समुपदेशकाशी बोलावे. उत्पन्नाच्या अटींत बसणाऱ्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आधार मिळू शकतो. तिची चौकशी तहसील कार्यालयात करावी.

लांबच्या केंद्रात नाव असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावे. चाळिशीत गर्दीची लोकल झेपते, सत्तरीत झेपणार नाही. नाव जवळच्या केंद्रात बदलून घेता येते, आणि प्रकृती स्थिर असेल तर लिंक केंद्रातूनही औषध मिळते. गोळी चुकण्यापेक्षा हे बरे.

आणि आपण, बाकीचे?

पन्नाशीपुढच्या माणसाला एचआयव्ही असू शकतो, हे आम्हा डॉक्टरांच्याही चटकन मनात येत नाही. वारंवार नागीण, तोंडात पांढरा थर, कारणाशिवाय घटणारे वजन, क्षय अशा वेळी चाचणी करून घ्यावी. सरकारी केंद्रांत ती मोफत आणि गोपनीय असते. माहितीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

१० सप्टेंबर २०१८ पासून देशात एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे, नोकरीवरून काढणे, भाड्याचे घर सोडायला लावणे हा भेदभाव ठरतो आणि तो करण्यास मनाई आहे. संमतीशिवाय कोणाची माहिती उघड करणेही कायद्याविरुद्ध आहे. हे दवाखान्यातील प्रत्येकाला लागू होते, डॉक्टरपासून केसपेपर लिहिणाऱ्यापर्यंत.

पण चाळीतल्या कुजबुजीवर कायदा कसा चालणार? ती आपण थांबवायची. कोणाच्या घरी कसल्या गोळ्या येतात याची चौकशी आपण सोडली, तर त्या घरातला माणूस आपल्या गोळ्या डॉक्टरला निर्धास्त दाखवील. त्याचे मूत्रपिंड, त्याचे हृदय त्यावर अवलंबून आहे.

आणि ज्या वाचकांसाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्यांना एक विनंती. साऱ्या जगाला सांगू नका, सांगायची गरजही नाही. पण एका डॉक्टरला सांगा, जो तुमचा रक्तदाब मोजतो त्याला. एका कोऱ्या कागदावर सर्व औषधांची नावे, मात्रा आणि वेळा लिहा. आजाराचे नाव लिहू नका, औषधांची नावे पुरेशी आहेत. तो कागद पाकिटात ठेवा आणि जिथे जिथे औषध घ्याल तिथे तिथे, एआरटी केंद्रातसुद्धा, दाखवा. हे काम आज रात्रीची गोळी घेतानाच करून टाका.